सामायिक कंपोनंट लायब्ररीसाठी फिग्मा : ज्युनिअर यूएक्स डिझायनरच्या बाजूने एक परीक्षण

फिग्मा या पडद्यांचे आराखडे काढण्याच्या साधनाविषयी लिहायचे ठरवले तर लिहिण्यासारखे पुष्कळ आहे, कारण व्हाइटबोर्डपासून स्लाइडपर्यंत कितीतरी गोष्टी आता त्या एकाच छताखाली आल्या आहेत. या परीक्षणात मात्र मी एकाच कामापुरते पाहणार आहे : अनेक डिझायनरांनी मिळून वापरायची कंपोनंट लायब्ररी, म्हणजे बटण, कार्ड अशा पुन्हा पुन्हा लागणाऱ्या भागांचा संग्रह, उभी करणे आणि ती चालती ठेवणे. हे काम पुष्कळदा ज्युनिअर यूएक्स (वापरकर्त्याचा अनुभव घडवणाऱ्या) डिझायनरच्या वाट्याला येते, कारण लांबून ते बटणे आणि रकाने नीट रचून ठेवण्याचे कारकुनी काम वाटते. प्रत्यक्षात त्यात पावलोपावली निर्णय घ्यावे लागतात आणि त्यांचे बरेवाईट परिणाम आपल्या फाइलीत न दिसता इतरांच्या फाइलींत दिसतात. मी स्वतः ज्युनिअर आहे आणि हेच काम करतो, त्यामुळे फिग्माला मी एकच कसोटी लावली आहे. लायब्ररी घडवण्यात ज्याचा हात नव्हता, अशा सहकाऱ्याला ती कोणालाही न विचारता वापरता यावी, इतकी स्पष्ट घडवायला हे साधन मदत करते का? घडवण्यापुरते माझे उत्तर जवळजवळ निःशंक होकाराचे आहे. सांभाळण्याच्या बाबतीत मात्र उत्तर तुमच्या संस्थेने फिग्माची कोणती योजना घेतली आहे यावर अवलंबून राहते, आणि माझी मुख्य तक्रार तीच आहे.

मूळ रचना थोडक्यात सांगून पुढे जातो. एका फाइलीत मूळ कंपोनंट असतो. त्याची जी प्रत पडद्याच्या आराखड्यात ठेवली जाते तिला इन्स्टन्स म्हणतात. मूळ बदलले की त्याच फाइलीतले सगळे इन्स्टन्स बदलतात, मात्र इन्स्टन्समध्ये हाताने बदललेला मजकूर किंवा रंग तसाच राहतो. ही फाइल लायब्ररी म्हणून पब्लिश केली की संघातले इतर लोक त्यांच्या फाइलींतून ते कंपोनंट ओढून घेऊ शकतात. फिग्मा २०१६ मध्ये सर्वांसाठी खुले झाले तेव्हापासून ते ब्राउझरमध्ये चालते आणि एका फाइलीत अनेकांना एकाच वेळी काम करता येते. लायब्ररीच्या कामात याचा फायदा असा की वापरणारा अडला तर त्याच्याच फाइलीत जाऊन, त्याच्या कर्सरशेजारी आपला कर्सर नेऊन, काय बिघडले ते पाहता येते. पडद्याची चित्रे पाठवून चर्चा करण्यापेक्षा ही सोय कितीतरी मोलाची आहे.

खरी परीक्षा बटणापाशी होते. बटण हा सर्वांत साधा कंपोनंट समजला जातो, पण लायब्ररी करणाऱ्याचा कस तिथेच लागतो. मुख्य, दुय्यम आणि केवळ मजकुराचे असे तीन प्रकार घ्या. लहान, मध्यम आणि मोठा असे तीन आकार घ्या. नेहमीची, माउस वर आल्यावरची, दाबलेली, फोकसमधली (कीबोर्डने त्यावर आल्यावरची) आणि निष्क्रिय अशा पाच अवस्था घ्या. एवढ्यावरच ४५ व्हेरिएंट, म्हणजे एकाच कंपोनंटची वेगवेगळी रूपे, होतात. आता मजकुराच्या आधी आयकॉन असेल किंवा नसेल, नंतरही असेल किंवा नसेल, म्हणजे चौपट, म्हणजे १८०. त्यात कोणी ‘काम चालू आहे’ अशी सहावी अवस्था मागितली की आणखी ३६ व्हेरिएंट काढणे आले. व्हेरिएंटची सोय २०२० मध्ये आली आणि पुढची दीड-दोन वर्षे लोकांनी असेच अवाढव्य संच उभे केले. २०२२ मध्ये कंपोनंट प्रॉपर्टी, म्हणजे इन्स्टन्समध्ये बदलता येणारे गुणधर्म, आल्या आणि हे चित्र पालटले. आयकॉन दिसावा की नाही हे आता एका बूलियन (हो किंवा नाही एवढेच मूल्य असलेल्या) प्रॉपर्टीने ठरते, कोणता आयकॉन हवा हे अदलाबदलीच्या प्रॉपर्टीने, आणि बटणावरचा मजकूर मजकुराच्या प्रॉपर्टीने. संच पुन्हा ४५ वर येतो आणि सहाव्या अवस्थेसाठी फक्त नऊ व्हेरिएंट वाढवावे लागतात.

व्हेरिएंटची संख्या घटल्याने फाइल हलकी होते हे खरे, पण माझ्या मते या सोयीचे मोठेपण त्यात नाही. इन्स्टन्स निवडल्यावर उजव्या बाजूला जो पट्टा उघडतो, त्यात प्रॉपर्टींची नावे, त्यांचा क्रम आणि त्यांचे पर्याय दिसतात. लायब्ररी वापरणाऱ्या डिझायनरसाठी तो पट्टा हाच आपल्या कामाचा इंटरफेस असतो. त्याने मूळ कंपोनंट कधी उघडूनही पाहिलेला नसतो. प्रकार, आकार, अवस्था, आयकॉन, मजकूर या क्रमाने प्रॉपर्टी लावल्या तर वरून खाली वाचत त्याला बटण तयार करता येते. त्या जशा सुचल्या तशा लावल्या तर तो दोन मिनिटे शोधतो आणि मग इन्स्टन्स मूळपासून तोडून, म्हणजे सुटा करून, स्वतःचेच काहीतरी काढतो. फिग्मात हा क्रम ओढून बदलता येतो, आतल्या इन्स्टन्सच्या प्रॉपर्टी वर आणून दाखवता येतात, आणि आयकॉनच्या जागी सगळी आयकॉनची वखार उघडण्याऐवजी ठरावीक पसंतीचे आयकॉन सुचवता येतात. ज्युनिअर डिझायनरने पडद्यांपेक्षाही आधी या पट्ट्यावर वापरकर्त्याचा विचार करायला शिकावे, असे मला वाटते, कारण इथला वापरकर्ता शेजारच्या खुर्चीत बसलेला असतो आणि त्याची अडचण लगेच कळते.

इथे एक बारकी गोम आहे. व्हेरिएंटच्या एखाद्या प्रॉपर्टीचे दोनच पर्याय असतील आणि ते ट्रू-फॉल्स, येस-नो किंवा ऑन-ऑफ असे लिहिलेले असतील, तर फिग्मा यादीऐवजी सरकते बटण दाखवते. तेच पर्याय वेगळ्या शब्दांत लिहिले तर यादी दिसते. बिघाड काहीच होत नाही, पण एकाच लायब्ररीत काही ठिकाणी यादी आणि काही ठिकाणी सरकते बटण आले की वापरणाऱ्याला त्यामागे काही हेतू असावा असे वाटू लागते.

नावांचा प्रश्न याहून गंभीर आहे, आणि नवख्याला तो कळायला सर्वांत उशीर लागतो, कारण नाव चुकले म्हणून लगेच काही मोडत नाही. एक साधे कार्ड घ्या, ज्यात वर शीर्षक, खाली वर्णन आणि तळाला एक दुवा आहे. सहकाऱ्याने ते आपल्या पडद्यावर ठेवले, खरा मजकूर भरला, आणि नंतर त्याला आडवे कार्ड हवे म्हणून दुसरा व्हेरिएंट निवडला. उभ्या आणि आडव्या अशा दोन्ही व्हेरिएंटमध्ये शीर्षकाच्या लेयरचे नाव ‘शीर्षक’ असेच असेल, तर भरलेला मजकूर जसाच्या तसा नव्या कार्डात जातो. एकात ‘शीर्षक’ आणि दुसऱ्यात ‘मजकूर ३’ असेल, तर फिग्माला त्यांचा संबंध लागत नाही आणि नमुन्याचा मजकूर परत येतो. वापरणाऱ्याच्या दृष्टीने त्याचे काम पुसले गेले. दोष कुठे आहे हे त्याला दिसत नाही, तो फक्त कार्ड बदलायचे सोडून देतो. मजकुराच्या प्रॉपर्टी नीट जोडल्या तर हा धोका बराच कमी होतो, पण लेयरची नावे सारखी ठेवण्याची शिस्त तरीही लागतेच. लायब्ररीच्या कामातला बराचसा वेळ अशा नावांवर जातो आणि कामाचा अहवाल देताना तो वेळ दाखवता येत नाही, हे या कामाच्या पाचवीलाच पुजलेले आहे.

नावांच्या बाबतीत फिग्माने दिलेल्या दोन सोयी मात्र उल्लेखनीय आहेत. तिरकी रेघ घालून नाव लिहिले की यादीत आपोआप गट पडतात, आणि नावाच्या आरंभी टिंब किंवा अधोरेखा दिली की तो कंपोनंट पब्लिशच होत नाही. दुसऱ्या सोयीमुळे आतले सुटे भाग, म्हणजे ज्यांच्यापासून कार्ड किंवा तक्ता बनतो पण जे एकेकटे कोणी वापरू नयेत असे तुकडे, वापरणाऱ्याच्या नजरेआड ठेवता येतात. एखादा कंपोनंट निवृत्त करायचा असेल तेव्हाही हीच युक्ती चालते : तो नव्याने कोणाला सापडत नाही, पण आधीच्या फाइलींत ठेवलेले त्याचे इन्स्टन्स जागच्या जागी राहतात.

ऑटो लेआउट २०१९ च्या अखेरीस आले आणि आता त्याच्याशिवाय कंपोनंट काढण्याची कल्पनाही करवत नाही. मजकूर वाढला की बटण रुंद होते, यादीतली एक ओळ काढली की खालच्या वर सरकतात. २०२३ मध्ये किमान-कमाल रुंदी आणि ओळ मोडून खाली येण्याची सोय मिळाल्यापासून लहान-मोठ्या पडद्यांचे वागणेही बऱ्यापैकी दाखवता येते. तरीही कंपोनंट पब्लिश करण्यापूर्वी त्यात छोटा, लांब आणि अतिशय लांब मजकूर घालून पाहण्याचा कंटाळा करू नये. नमुन्याच्या ‘जतन करा’ या दोन शब्दांवर बेतलेले बटण ‘बदल जतन करून पुढील पायरीवर जा’ लिहिले की आपले खरे रूप दाखवते. ओळींची उंची घट्ट ठेवण्याची हौसही जपून करावी. ज्या लिपींत अक्षरांच्या वर आणि खाली चिन्हे येतात, तिथे नुसत्या रोमन मजकुरावर तपासलेली उंची अपुरी पडते, आणि देवनागरीतली ओळ वरच्या ओळीच्या उकाराला जाऊन भिडते.

रंगांच्या व्यवस्थेसाठी २०२३ मध्ये आलेली व्हेरिएबल ही मला या साधनातली सर्वांत शिकवणारी सोय वाटते. रंग, संख्या, मजकूर आणि बूलियन अशा चार प्रकारची मूल्ये नाव देऊन साठवता येतात, एका व्हेरिएबलला दुसऱ्याकडे बोट दाखवायला लावता येते, आणि उजळ व गडद अशा वेगवेगळ्या मोडसाठी वेगवेगळी मूल्ये देता येतात. त्यामुळे ‘निळा ६००’ असा कच्चा रंग एका संग्रहात लपवून ठेवायचा आणि वापरणाऱ्याला फक्त ‘मुख्य कृतीची पार्श्वभूमी’ किंवा ‘दुय्यम मजकूर’ अशी अर्थवाही नावे दाखवायची, ही रीत सहज पाळता येते. एखादे व्हेरिएबल फक्त मजकुरालाच लागू व्हावे, किनारीच्या रंगांच्या यादीत ते दिसूच नये, अशी मर्यादाही घालता येते, आणि माझ्या अनुभवाने चुकीचा रंग लावला जाण्याचे प्रमाण कमी करण्यात नियमावलीच्या पानांपेक्षा ही मर्यादा जास्त उपयोगी पडते.

अर्थवाही नाव दिले म्हणून रंग योग्य होत नाही, हेही इथेच कळते. वेब सर्वांना वापरता यावे यासाठीच्या डब्ल्यूसीएजी या मार्गदर्शक नियमांच्या एए पातळीनुसार साध्या आकाराच्या मजकुराचा पार्श्वभूमीशी कॉन्ट्रास्ट किमान ४.५:१ आणि मोठ्या मजकुराचा ३:१ असावा लागतो. पांढऱ्या पार्श्वभूमीवर ७६७६७६ या हेक्स मूल्याचा राखाडी ४.५४:१ भरतो आणि उत्तीर्ण होतो. त्याहून नावालाच फिका असलेला ७७७७७७ मात्र ४.४८:१ वर येऊन नापास ठरतो. डोळ्यांना या दोहोंतला फरक सांगता येणार नाही. फिग्माच्या रंग निवडण्याच्या खिडकीत आता हा कॉन्ट्रास्ट तिथल्या तिथे तपासता येतो, त्यामुळे ‘दुय्यम मजकूर’ ठरवताना तर्कावर विसंबावे लागत नाही. निष्क्रिय बटणाला या नियमातून सूट आहे, पण सूट आहे म्हणून ते वाचताच येणार नाही इतके फिके करण्याची जी पद्धत पडली आहे, ती मला पटत नाही. आपल्याला नेमके काय करता येत नाही हे कळायलाही ते वाचावेच लागते.

व्हेरिएबलच्या काही मर्यादा माहीत असलेल्या बऱ्या. संख्येच्या व्हेरिएबलला एकक नसते. फिग्माचा सगळा कारभार पिक्सेलमध्ये चालतो, आणि कोड लिहिणारे रेममध्ये (पानाच्या मूळ अक्षर-आकाराच्या पटीत) विचार करत असतील तर ते भाषांतर कोणीतरी ठरवून लिहून ठेवावे लागते. सावलीसारखी अनेक मूल्यांची गोष्ट एका व्हेरिएबलमध्ये मावत नाही, तिच्यासाठी स्टाइल, म्हणजे नाव देऊन जतन केलेली सजावटच, करावी लागते. त्यामुळे लायब्ररीत काही गोष्टी व्हेरिएबल म्हणून आणि काही स्टाइल म्हणून राहतात, आणि नवीन आलेल्या सहकाऱ्याला ही विभागणी समजावून सांगावी लागते.

आता पब्लिश करण्याकडे वळतो, कारण घोडे पेंड खाते ते इथे. पब्लिशची खिडकी स्वतः चांगली आहे : काय बदलले, काय नवे आले, काय काढले याची यादी दिसते, नको ते वगळता येते आणि बदलाचे वर्णन लिहिता येते. वापरणाऱ्याच्या फाइलीत बदल परस्पर शिरत नाहीत. त्याला सूचना मिळते, तो बदल पाहतो आणि स्वीकारतो किंवा थांबतो. हा विवेक मला आवडतो, कारण उद्या सादरीकरण असलेल्या माणसाच्या पडद्यावर आज आपली नवी किनार उगवू नये. वर्णनाचा रकाना रिकामा सोडायचा नाही, एवढा एक नियम संघाने पाळला तरी पुष्कळ गैरसमज टळतात. ‘सुधारणा केल्या’ असे लिहिण्यात अर्थ नसतो. ‘लहान बटणाची उंची २८ वरून ३२ केली, तक्त्यातील ओळी तपासून घ्याव्यात’ असे लिहिले की समोरच्याला आपल्यावर काय येणार आहे ते कळते.

पण बदल पब्लिश करण्याआधी त्याचे परीक्षण कसे करायचे? मूळ फाइल न हलवता वेगळ्या शाखेत बदल करायचा, ज्येष्ठ सहकाऱ्याने तो पाहून मंजूर करायचा आणि मग तो मूळ फाइलीत मिसळायचा, अशी ब्रँचिंगची सोय फिग्मात आहे, आणि ज्युनिअर डिझायनरसाठी तिच्यासारखी आश्वासक गोष्ट दुसरी नाही. ती मिळते मात्र ऑर्गनायझेशन आणि एन्टरप्राइझ या वरच्या योजनांत. लायब्ररी किती वापरली जाते, कोणते कंपोनंट जास्त घेतले जातात आणि कोणते मूळपासून तोडून सुटे केले जातात, हे दाखवणारी आकडेवारीही त्याच योजनांत आहे. मला हे उलटे वाटते. मोठ्या संस्थेत लायब्ररीसाठी स्वतंत्र संघ असतो, तपासायला माणसे असतात. लहान संघात ती जबाबदारी एकट्या नवख्यावर असते आणि आधाराची गरज त्यालाच जास्त असते, तरी त्याच्याच योजनेत हात आखडता घेतलेला आहे.

सुट्या केलेल्या इन्स्टन्सची माहिती मी एवढी महत्त्वाची का मानतो, ते सांगितले पाहिजे. इन्स्टन्स सुटा करणे हे एका कळसंयोजनाचे काम आहे, आणि त्यानंतर त्या तुकड्याचा लायब्ररीशी संबंध संपतो. पुढचा कोणताही बदल त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. ज्येष्ठ मंडळी याकडे बहुधा शिस्तभंग म्हणून पाहतात. माझ्या मते ती लायब्ररीला मिळालेली सर्वांत प्रामाणिक प्रतिक्रिया असते. एखाद्या कार्डाला दोन दुवे हवे होते आणि कंपोनंटमध्ये एकाचीच सोय होती, तर कोणीही वेळेच्या घाईत ते सुटे करून दुसरा दुवा टाकेल. असे एकदा झाले तर तो अपवाद म्हणून सोडून द्यावा, पण निरनिराळ्या लोकांनी तेच केले असेल तर कंपोनंटला एक प्रॉपर्टी कमी पडते आहे हे उघड आहे. आकडेवारी नसलेल्या योजनेत हे शोधण्यासाठी सहकाऱ्यांच्या फाइली हाताने चाळाव्या लागतात किंवा त्यांना विचारावे लागते, आणि विचारल्यावर माणसे ‘नाही, सगळे ठीक आहे’ असेच म्हणतात. या कामासाठी प्लगइन (फिग्माला जोडायची पूरक साधने) आहेत, पण ते एका वेळी एकच फाइल तपासतात.

कोडशी असलेल्या नात्याबद्दल अपेक्षा मर्यादित ठेवाव्यात. डेव्हलपरांसाठीच्या डेव्ह मोडमध्ये मापे, व्हेरिएबलची नावे, टिपा आणि बदलांची तुलना दिसते. कोड कनेक्ट वापरले तर त्या कंपोनंटचा संस्थेच्या कोडमधला खरा तुकडाच तिथे दाखवता येतो, आणि अर्थात तेही वरच्या योजनांत. पण टॅब दाबल्यावर फोकस कुठे जातो, एस्केप दाबल्यावर काय बंद होते, स्क्रीन रीडर (पडदा वाचून दाखवणारे साधन) या आयकॉनला काय म्हणतो, हे चित्रात नसते. ते शब्दांत लिहून ठेवावे लागते. फोकसची अवस्था काढायची राहून गेलेल्या लायब्ररी इतक्या दिसतात की मी नवीन लायब्ररी उघडली की पहिल्यांदा तीच शोधतो. दाबायच्या जागेचेही तसेच आहे : २०२३ मध्ये आलेल्या डब्ल्यूसीएजी २.२ ने एए पातळीसाठी किमान २४ बाय २४ सीएसएस पिक्सेलचे लक्ष्य सांगितले आहे, अॅपल ४४ पॉइंट सुचवते आणि गूगलचे मटेरियल डिझाइन ४८ डीपी. फिग्मात १६ पिक्सेलचा आयकॉन काढून ठेवला तर त्याच्याभोवतीची ही अदृश्य जागा कोणालाच दिसत नाही, म्हणून ती पारदर्शक फ्रेम करून कंपोनंटमध्येच गृहीत धरणे उत्तम. प्रत्येक कंपोनंटला वर्णन आणि दस्तऐवजाचा दुवा जोडता येतो. कोडच्या बाजूला स्टोरीबुकसारखे, म्हणजे कोडमधले कंपोनंट दाखवणारे, काही असेल तर तो दुवा तिथलाच द्यावा, म्हणजे डिझायनर आणि डेव्हलपर एकाच पानावर बोलू लागतात.

शिकण्याच्या दृष्टीने फिग्माच्या कम्युनिटीत ठेवलेले मटेरियल ३, आयबीएमचे कार्बन आणि अॅपलचे संच उघडून पाहण्यासारखे आहेत. त्यांतले बटण निवडावे, उजवीकडचा पट्टा वाचावा, आणि तो असाच का लावला असेल याचा अंदाज बांधावा. ते जसेच्या तसे उचलण्याच्या मोहात मात्र पडू नये. ते असंख्य उत्पादनांसाठी केलेले आहेत, आणि एका उत्पादनाच्या संघाला त्यातल्या निम्म्या पर्यायांचे ओझेच होते.

पर्यायांचा विचार करायचा तर स्केच आजही चांगले आहे, पण त्याचे संपादन मॅकवरच होते, त्यामुळे मिश्र संगणक असलेल्या संघात सामायिक लायब्ररीचा उद्देशच अडतो. अॅडोबी एक्सडी देखभालीपुरते उरले आहे. मुक्त स्रोताचे पेनपॉट लक्षपूर्वक पाहण्यासारखे आहे : ते स्वतःच्या सर्व्हरवर ठेवता येते, त्याची मांडणी सीएसएसच्या जवळची आहे आणि त्याचे डिझाइन टोकन (रंग, मापे अशी नाव दिलेली मूल्ये) वेबची मानके ठरवणाऱ्या डब्ल्यू३सीच्या समुदाय गटाने ठरवलेल्या स्वरूपाला धरून आहेत. फिग्माइतकी सफाई आणि प्लगइनची रेलचेल तिथे अजून नाही. तरीही एकाच कंपनीच्या साधनात सर्व काही कोंडून ठेवण्यातला धोका काल्पनिक नाही. एके काळी घरोघरी असलेली इनव्हिजन या डिझाइन-साधनाची सेवा २०२४ च्या अखेरीस बंद झाली, आणि फिग्मा स्वतः २०२२ मध्ये अॅडोबीकडे जाण्याच्या बेतात होते. तो व्यवहार डिसेंबर २०२३ मध्ये रद्द झाला. त्यामुळे टोकनांची मूल्ये आणि कंपोनंटचे नियम फिग्माबाहेर, शक्यतो कोडच्या भांडारात साध्या मजकुराच्या रूपात, असावेत असा आग्रह धरावा. व्हेरिएबल बाहेरच्या प्रोग्रामला वाचू देणारे आरईएसटी एपीआय एन्टरप्राइझ योजनेतच असल्याने इतरांना त्यासाठी प्लगइनचा आधार घ्यावा लागतो, पण काम होते.

कोणी कोणती योजना घ्यावी याबद्दल माझे मत असे. केवळ शिकायचे असेल तर मोफत योजनेत एकाच फाइलीत कंपोनंट, व्हेरिएंट, प्रॉपर्टी आणि व्हेरिएबल हे सगळे करून पाहता येते. संपूर्ण लायब्ररी इतर फाइलींसाठी पब्लिश करायची वेळ आली की सशुल्क योजना लागते. चार-सहा डिझायनरांच्या संघाला प्रोफेशनल योजना पुरते, पण तिथे ब्रँचिंगची उणीव भरून काढण्यासाठी ‘चाचणी’ नावाची वेगळी फाइल ठेवावी, बदल तिथे आधी करून सहकाऱ्याला दाखवावा, मगच मूळ फाइलीत आणावा, आणि पब्लिश करण्याचा ठरावीक वार ठेवावा. अनेक उत्पादने आणि अनेक संघ एकाच लायब्ररीवर असतील तर वरच्या योजनेचा खर्च संस्थेने करावा, आणि तो मंजूर करून घेताना ब्रँचिंगपेक्षाही आकडेवारीचे कारण पुढे ठेवावे, कारण कोणता कंपोनंट लोक तोडून वापरतात हे कळल्याशिवाय पुढच्या तिमाहीत लायब्ररीवर नेमके काय काम करायचे, ते कोणत्याच बैठकीत ठरत नाही.